२४ की ४५ मेगापिक्सेल? दोन सेन्सरमधला तपशील घरच्या घरी कसा पडताळावा

नवा कॅमेरा घेण्याचा विचार सुरू झाला की दोन आकडे डोक्यात घोळू लागतात, २४ आणि ४५. ४५ म्हणजे २४ च्या जवळपास दुप्पट, तेव्हा फोटोतला तपशीलही दुप्पट मिळणार असं सहज वाटतं. मग कुठून तरी दोन्ही कॅमेऱ्यांचे नमुना फोटो उतरवून घेतले जातात, संगणकावर १०० टक्के झूम करून शेजारी ठेवले जातात, आणि ४५ मेगापिक्सेलवालाच थोडा मऊ, थोडा दाणेदार दिसतो. लगेच मत फिरतं: जास्त मेगापिक्सेल ही नुसती जाहिरात. ही दोन्ही मतं चुकीची आहेत. पहिल्यात गणित चुकलंय. दुसऱ्यात दोन फोटो वेगवेगळ्या पटीत मोठे करून पाहिलेत आणि ते सारखेच मोठे केलेत असं धरून चाललंय.

तुलना नीट करायला प्रयोगशाळा लागत नाही. एक मोकळी भिंत, ट्रायपॉड, लेझर प्रिंटरवर काढलेला एक कागद आणि एक निवांत सकाळ पुरते. उदाहरण म्हणून निकॉनचे झेड ६ आणि झेड ७ हे दोन कॅमेरे घेऊ. दोन्ही २०१८ साली एकत्र जाहीर झाले. बॉडी एकाच मापाची, लेन्स बसवण्याचा माउंट एकच, सेन्सरचा आकारही एकच, सुमारे ३५.९ बाय २३.९ मिलिमीटर. मुख्य फरक सेन्सरवरच्या पिक्सेलच्या संख्येत. शिकण्यासाठी याहून सोयीची जोडी मिळणं कठीण. तुमच्याकडे दुसरे कॅमेरे असले तरी पद्धत हीच, फक्त आकडे बदलायचे. दोन्ही बॉडी स्वतःच्या नसतील तर मुंबई-पुण्यात कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधी त्या भाड्याचे पैसे खर्च करावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कागदावरचं गणित

झेड ६ चा फोटो ६०४८ बाय ४०२४ पिक्सेलचा असतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या थोडा वर. झेड ७ चा ८२५६ बाय ५५०४, म्हणजे ४५ च्या वर. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, लांबी गुणिले रुंदी, म्हणजे हे क्षेत्रफळ झालं. डोळ्याला तपशील जाणवतो तो मात्र लांबी-रुंदीत: दोन रेषा वेगळ्या दिसतात की एकमेकींत मिसळतात, यात. म्हणून ८२५६ ला ६०४८ ने भागा. उत्तर येतं सुमारे १.३७. झेड ७ कडून जास्तीत जास्त एवढीच अपेक्षा ठेवायची: झेड ६ ला जी रेषा जेमतेम सुटी दाखवता येते, तिच्यापेक्षा १.३७ पट बारीक रेषा.

खरोखर दुप्पट बारीक रेषा हवी असेल तर मेगापिक्सेल चौपट लागतात. २४ च्या चौपट म्हणजे ९६. फुजीफिल्मने २०१९ मध्ये आणलेला जीएफएक्स १०० हा १०२ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्या वर्गात येतो, पण त्याचा सेन्सरही मोठा आहे, ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा. ही वर्गमुळाची गोष्ट एकदा मनात पक्की बसली की जाहिरातीतले आकडे आपोआप आपल्या जागी येतात. १२ वरून २४ वर जाणं आणि २४ वरून ४८ वर जाणं, दोन्ही उड्या सारख्याच, १.४१ पटीच्या.

आणखी एक आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल. ३५.९ मिलिमीटर रुंदी ६०४८ पिक्सेलमध्ये वाटली तर एक पिक्सेल ५.९४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो, ८२५६ मध्ये वाटली तर ४.३५ मायक्रॉनचा. एक काळी आणि एक पांढरी रेषा मिळून एक जोडी धरली, तर तिला किमान दोन पिक्सेल लागतात. म्हणजे सेन्सरवर एका मिलिमीटरमध्ये झेड ६ ला जास्तीत जास्त ८४ जोड्या दाखवता येतात, झेड ७ ला ११५.

भिंतीवर काय लावायचं

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे सीमेन्स स्टार. मध्यापासून बाहेर पसरत जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पाकळ्यांचं वर्तुळ. इंकस्केपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ते काढता येतं, शोधलं तर तयार पीडीएफही मिळते. ७२ काळ्या आणि ७२ पांढऱ्या पाकळ्यांचं, साधारण १५ ते १८ सेंटिमीटर व्यासाचं घ्या. लेझर प्रिंटरवर, मॅट कागदावर छापा. प्रिंट देताना कागदाला बसवण्याचा पर्याय बंद करून मूळ मापातच छापायला सांगा. इंकजेटची शाई साध्या कागदात पसरते आणि मधल्या बारीक पाकळ्या बुजतात, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानातला लेझर प्रिंट जास्त बरा. तीन-चार प्रती काढा: एक फ्रेमच्या मध्यभागी, बाकीच्या कोपऱ्यांत.

पण नुसत्या ताऱ्यावर थांबू नका. तारा मोजायला चांगला, डोळ्याला पटायला खरी वस्तू लागते. माझी आवडती वस्तू भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा, ज्याला ट्रेकर मंडळी टोपोशीट म्हणतात. सह्याद्रीच्या एखाद्या घाटमाथ्याचं शीट घेतलंत तर कड्याच्या जागी समोच्च रेषा इतक्या दाटीने येतात की सेन्सरची कसोटी तिथेच लागते. शेजारी गावांची बारीक नावं, पायवाटांच्या तुटक रेषा. काय दिसायला हवं होतं हे नकाशा हातात घेऊन तपासता येतं, हा त्याचा मोठा गुण.

त्याच्या बाजूला वर्तमानपत्राचा एक रंगीत फोटो लावा, कारण तो ठिपक्यांनी छापलेला असतो. जरीचा बारीक विणीचा काठ लावा. आणि लाल कापडावर निळ्या धाग्याचं भरतकाम असलेला एखादा तुकडा नक्की लावा. त्याचं कारण सेन्सरच्या रचनेत आहे. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेली रंगजाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. बाकीचे रंग सॉफ्टवेअर शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतं. काळ्या-पांढऱ्या रेषांवर हा अंदाज चांगला लागतो, लाल-निळ्यावर ढिला पडतो. जास्त मेगापिक्सेलचा फायदा कधीकधी नकाशापेक्षा त्या भरतकामातच आधी दिसतो.

कॅमेरा मांडणं

५० मिलिमीटरची लेन्स आणि भिंतीपासून २ मीटर अंतर ठेवा. एकच लेन्स दोन्ही बॉडींवर आलटून पालटून लावायची, दोन वेगळ्या लेन्स नकोत. एकाच मॉडेलच्या दोन लेन्समध्येही फरक असतो आणि तो फरक सेन्सरच्या नावावर जमा होतो. या अंतरावर फ्रेममध्ये भिंतीचा सुमारे १.४ मीटर रुंद भाग येतो. म्हणजे झेड ६ चा एक पिक्सेल भिंतीवर ०.२३ मिलिमीटर व्यापतो आणि झेड ७ चा ०.१७. हे लक्षात आलं की काय शोधायचं तेही कळतं. ०.४ मिलिमीटरच्या अंतराने छापलेल्या रेषा झेड ७ ला तत्त्वतः सुट्या दाखवता येतात, झेड ६ ला येत नाहीत. एक मिलिमीटरच्या रेषा दोघांनाही दिसतील आणि ०.२ च्या दोघांनाही नाही. फरक मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातच सापडतो, म्हणून तिथे बसणारी वस्तू भिंतीवर हवीच.

सेन्सर आणि भिंत समांतर हवेत. यासाठी फोटोग्राफरांची एक जुनी युक्ती आहे. जिथे फ्रेमचा मध्य येणार तिथे भिंतीला सपाट टेकवून एक छोटा आरसा धरा. कॅमेऱ्यात पाहताना लेन्सचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्यावर आलं की कॅमेरा सरळ आहे. मग आरसा काढा. हे केलं नाही तर एका कोपऱ्यात झेड ६ जिंकतो, दुसऱ्यात झेड ७, आणि तुम्ही गोंधळता.

प्रकाश दोन्ही बाजूंनी, साधारण ४५ अंशांतून. खिडकीचा प्रकाश सुंदर असतो पण ढग आला की बदलतो. एलईडी दिवे वापरणार असाल तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/५० किंवा १/२५ ठेवा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात.

हलणं आणि फोकस

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायची. ज्या किंचित हलण्याने झेड ६ चा फोटो बिघडत नाही, त्याच हलण्याने झेड ७ चा बिघडतो, कारण त्याचे पिक्सेल लहान आहेत. निष्काळजीपणे फोटो काढले तर दोन्ही कॅमेरे सारखेच दिसतात, आणि लोक त्यालाच सेन्सरचा निकाल समजतात.

ट्रायपॉड फरशीवर नीट टेकवा, मधला दांडा वर काढू नका. छताचा पंखा बंद. वॉशिंग मशीन बंद. खोलीत कुणी चालत असेल तर थांबायला सांगा. ट्रायपॉडवर असताना कॅमेऱ्यातलं कंपन-नियंत्रण, म्हणजे व्हीआर, बंद करा. शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवा, म्हणजे शटरचा झटका बसत नाही. बटण हाताने दाबू नका, सेल्फ-टायमर किंवा रिमोट वापरा. टायमर २ सेकंदांचा असेल आणि ट्रायपॉड हलका असेल तर ५ किंवा १० सेकंद ठेवा.

फोकस दर वेळी नव्याने करायचा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या चालू दृश्यात, मधला तारा पूर्ण मोठा करून पाहा, एकदा अलीकडून पलीकडे आणि मग पलीकडून अलीकडे रिंग फिरवून नेमकी जागा पकडा. एक फोटो काढा, फोकस मुद्दाम बिघडवा, पुन्हा जुळवा, पुन्हा काढा. असे पाच-सहा फोटो प्रत्येक कॅमेऱ्याचे हवेत. नंतर त्यातला सर्वांत चांगला तेवढाच निवडायचा. सरासरी काढायची नाही, कारण आपल्याला कॅमेऱ्याची वरची मर्यादा पाहायची आहे, आपल्या हाताची नाही.

ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/५.६ ठेवा (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, दोन्हींवर १००. झेड ७ चा आयएसओ ६४ पर्यंत खाली जातो, पण इथे सारखेपणा महत्त्वाचा. फाइल रॉच हवी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. कॅमेऱ्यातल्या जेपीईजीवर प्रत्येक मॉडेल आपापल्या पद्धतीने शार्पनिंग (कडा ठळक करणं) आणि नॉइज रिडक्शन (दाणे पुसणं) लावतं, मग तुलना सेन्सरची न राहता त्या प्रक्रियेची होते.

फाइल उघडताना

दोन्ही रॉ फाइल एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. मोफत हवं असेल तर रॉथेरपी किंवा डार्कटेबल उत्तम आहेत. लाइटरूम वापरत असाल तर तो रॉ उघडतानाच शार्पनिंग ४० आणि रंगाचं नॉइज रिडक्शन २५ लावतो. दोन्ही शून्यावर आणा. फोटो निस्तेज दिसेल, दिसू द्या. शार्पनिंग आपण पुढे लावणारच आहोत, फक्त योग्य वेळी. त्याची त्रिज्या पिक्सेलमध्ये मोजली जाते, आणि झेड ६ चा एक पिक्सेल आणि झेड ७ चा एक पिक्सेल हे भिंतीवर सारखे नाहीत. आकार सारखा करण्याआधी सारखं शार्पनिंग लावणं म्हणजे दोघांना वेगवेगळं लावणंच झालं.

आता तुलना दोन दिशांनी करायची.

पहिली दिशा: झेड ६ चा फोटो ८२५६ पिक्सेल रुंदीपर्यंत मोठा करा. मोठा करताना लँक्झोस किंवा बायक्यूबिक पद्धत निवडा. निअरेस्ट नेबर निवडली तर पायऱ्या-पायऱ्या दिसतील आणि झेड ६ वर अन्याय होईल. मग दोन्हींवर सारखं, हलकं शार्पनिंग लावून नकाशाचा तोच तुकडा शेजारी ठेवा. घाटमाथ्यावर जिथे समोच्च रेषा झेड ६ मध्ये तपकिरी डागासारख्या एक झाल्या आहेत, तिथे झेड ७ मध्ये त्या सुट्या दिसायला हव्यात. मोठ्या प्रिंटमध्ये काय मिळेल याचं उत्तर या दिशेत आहे.

दुसरी दिशा: झेड ७ चा फोटो ६०४८ पर्यंत लहान करा. आता रेषा तेवढ्याच सुट्या होतील जेवढ्या झेड ६ मध्ये, कारण पिक्सेल तेवढेच उरले. तरीही झेड ७ चा फोटो अधिक रेखीव, रंगांच्या कडा अधिक स्वच्छ दिसतात. लाल कापडावरच्या निळ्या धाग्याकडे पाहा, तिथे हे लगेच कळतं. कारण आता प्रत्येक पिक्सेलमागे सेन्सरवरचे जवळपास दोन पिक्सेल उभे आहेत आणि रंगाचा अंदाज कमी लावावा लागला. फोटो नेहमी लहान करूनच वापरणाऱ्यालाही जास्त मेगापिक्सेलचा थोडा फायदा मिळतो, तो असा. तो थोडाच असतो, हेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आणि १०० टक्के झूम? ते एकाच कॅमेऱ्याची फाइल तपासायला वापरा. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल असतात. त्यावर झेड ६ चा पूर्ण फोटो १०० टक्क्यांनी पाहायचा तर १.६७ मीटर रुंद पडदा लागेल, झेड ७ ला २.२८ मीटर. तुम्ही एक फोटो पावणेदोन मीटरचा आणि दुसरा सव्वादोन मीटरचा करून, दोन्ही हाताच्या अंतरावरून बघत असता. मोठ्या केलेल्या फोटोत दोष मोठे दिसणारच. शिवाय फोर-के पडद्यावर विंडोजने १५० टक्के स्केलिंग लावलेलं असेल तर ब्राउझरमधलं १०० टक्के हे खरं १०० टक्के नसतं. तपासणी फोटो पाहण्याच्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये करा. मित्राला नमुने पाठवायचे असतील तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होऊन पोहोचतो आणि तुमची सगळी मेहनत त्यात जाते.

ताऱ्यावरून आकडा काढणं

हा भाग मला सर्वांत जास्त आवडतो, कारण इथे मतमतांतरं संपतात आणि मोजपट्टी सुरू होते.

ताऱ्याच्या मध्याकडे जाताना पाकळ्या निमुळत्या होत जातात. एका जागी काळं आणि पांढरं वेगळं राहत नाही, करडी चकती दिसू लागते. मूळ आकाराच्या फाइलमध्ये, काहीही लहान-मोठं न करता, त्या चकतीचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा. पाकळ्या जिथपर्यंत सरळ आणि मोजता येण्याजोग्या आहेत तिथपर्यंतच खऱ्या धरायच्या. त्याच्या आत वाकड्या, रंगीत नक्षी दिसली तर ती चकतीतच मोजा.

आता गंमत पाहा. परिघावर ७२ काळ्या आणि ७२ पांढऱ्या, मिळून १४४ पट्ट्या आहेत. प्रत्येकीला किमान एक पिक्सेल लागतो. म्हणजे ज्या वर्तुळाचा परीघ १४४ पिक्सेल, तिथे सेन्सरची मर्यादा आली. १४४ ला ३.१४ ने भागा: व्यास सुमारे ४६ पिक्सेल. हा आकडा कॅमेऱ्यावर अवलंबून नाही. २४ मेगापिक्सेल असो वा १०२, चकती ४६ पिक्सेलच्या जितकी जवळ, तितका तो सेन्सर पुरेपूर वापरला गेला.

समजा झेड ६ वर चकती ५५ पिक्सेल भरली आणि झेड ७ वर ५८. भिंतीवरच्या मापात आणण्यासाठी पहिल्याला ०.२३ ने आणि दुसऱ्याला ०.१७ ने गुणा. झेड ६ ची चकती साधारण १२.७ मिलिमीटर, झेड ७ ची ९.८. गुणोत्तर १.२९. कागदावर १.३७ होतं, हातात १.२९ आलं. हे चांगलं काम झालं. पण झेड ७ वर चकती ७५ पिक्सेल भरली, तर तीही जवळपास १२.७ मिलिमीटरच होते. म्हणजे जास्तीचे सगळे पिक्सेल वाया गेले. असं दिसलं तर सेन्सरवर निकाल देऊ नका. आधी फोकस पुन्हा तपासा, मग कंपन, मग ॲपर्चर, आणि शेवटी लेन्स. चकती गोल न दिसता एका दिशेला ताणलेली दिसली तर दोष बहुधा कंपनाचा असतो.

मग कोपऱ्यातले तारे मोजा. तिथे फोकस वेगळा करून वेगळे फोटो काढा. जुन्या किंवा स्वस्त झूम लेन्सवर कोपऱ्यात दोन्ही कॅमेऱ्यांच्या चकत्या मिलिमीटरमध्ये सारख्याच निघणं अगदी शक्य आहे. तसं झालं तर त्या लेन्ससोबत ४५ मेगापिक्सेलचा फायदा फ्रेमच्या मध्यापुरताच आहे, हे समजून घ्यावं.

ॲपर्चर बदलून पाहा

एफ/५.६ चं झालं की तेच फोटो एफ/११ आणि एफ/१६ वर काढा. प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात. हिरव्या प्रकाशासाठी एफ/८ वर प्रकाशाच्या एका बिंदूची चकती सुमारे १०.७ मायक्रॉनची होते आणि एफ/१६ वर २१.५ मायक्रॉनची. रेषांच्या भाषेत: एफ/१६ वर कितीही चांगली लेन्स असली तरी मिलिमीटरला सुमारे ११४ जोड्यांच्या पलीकडे काहीच पोहोचत नाही, आणि एफ/२२ वर सुमारे ८३ च्या पलीकडे. वर लिहून ठेवलेले आकडे आठवा, झेड ७ चे ११५ आणि झेड ६ चे ८४. एफ/२२ पर्यंत बंद होणारी लेन्स असेल तर तिथे झेड ६ ला दाखवता येतं त्याहून बारीक असं काही सेन्सरपर्यंत येतच नाही. किल्ल्यांचे, डोंगररांगांचे फोटो काढणारी मंडळी जवळचा दगड आणि दूरचा सुळका दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून सवयीने एफ/१६ किंवा एफ/२२ लावतात. त्यांनी जास्त मेगापिक्सेलसाठी पैसे टाकण्याआधी ही एक चाचणी जरूर करावी.

दूरच्या दृश्यांवर चाचणी घ्यायची असेल तर सकाळी लवकर घ्या. उन्हाळ्यात दहानंतर तापलेल्या कातळावरची हवा थरथरते आणि दूरच्या तटबंदीचा तपशील लेन्सपाशी येण्याआधीच नाहीसा होतो.

खोटा तपशील ओळखणं

झेड ६ च्या सेन्सरसमोर लो-पास फिल्टर आहे, झेड ७ वर नाही. हा फिल्टर प्रकाश अगदी किंचित पसरवतो, म्हणजे बारीक विणीवर मॉयरे, म्हणजे इंद्रधनुषी लाटा, उठत नाहीत. त्याची किंमत म्हणून थोडा रेखीवपणा जातो. त्यामुळे या जोडीत जो फरक दिसतो त्यातला थोडा भाग पिक्सेलचा नसून फिल्टरचा आहे. निकॉननेच २०१२ मध्ये डी८०० आणि डी८००ई हे दोन कॅमेरे ३६ मेगापिक्सेलच्या सेन्सरसह आणले होते. दुसऱ्यात या फिल्टरचा परिणाम रद्द केलेला होता. मेगापिक्सेल सारखे, तरी दोघांच्या फाइल सारख्या नव्हत्या.

जरीच्या काठावर झेड ७ मध्ये जास्त नक्षी दिसली म्हणून खूश होण्याआधी कॅमेरा किंचित सरकवून आणखी एक फोटो घ्या. खरा धागा जागचा हलत नाही. नक्षीचा आकार किंवा रंग बदलला तर ती सेन्सरने रचलेली आहे.

नॉइज, वेगळे सेन्सर, मोबाइल

आयएसओ ६४०० वर हीच तुलना करा, पण आकार सारखा करूनच. सेन्सरचं क्षेत्रफळ एकच असल्याने दोघांना मिळणारा एकूण प्रकाशही एकच. झेड ७ लहान करून ठेवला की दाणे जवळपास झेड ६ इतकेच दिसतात.

दोन कंपन्यांचे कॅमेरे असतील तर लेन्स एक ठेवणं अवघड जातं. ॲडॅप्टरने बसणारी एखादी चांगली जुनी मॅन्युअल लेन्स दोन्हींवर लावता आली तर उत्तम. नाहीतर आपण कॅमेरा अधिक लेन्स अशी जोडी तपासतोय हे निकालात स्पष्ट लिहा. सेन्सरचा आकारच वेगळा असेल, जसं फुजीफिल्मचा ४० मेगापिक्सेलचा एक्स-टी५, तर फ्रेममध्ये भिंतीचा तेवढाच भाग येईल असं अंतर किंवा फोकल लेंग्थ ठेवा.

मोबाइलचे मेगापिक्सेल या हिशेबात सरळ बसत नाहीत. सॅमसंगच्या २०२३ च्या एस२३ अल्ट्राचा सेन्सर २०० मेगापिक्सेलचा, एक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा. त्याच्या एफ/१.७ लेन्सची विवर्तनाची चकतीच सुमारे २.३ मायक्रॉनची, म्हणजे पिक्सेलच्या जवळपास चौपट रुंद. रंगजाळीही सोळा-सोळा पिक्सेलच्या गटांत आहे, आणि फोन एरवी सोळांचा एक करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. त्याला ताऱ्यासमोर जरूर उभा करा, चकती मोजा, पण २०० ला २४ ने भागून काही अपेक्षा बांधू नका.

शेवटी प्रिंट

फोटो पडद्यावरच राहणार असेल तर फोर-के टीव्हीलाही सव्वाआठ मेगापिक्सेलच लागतात. प्रिंट काढणार असाल तर हिशेब वेगळा. लॅबमध्ये नेहमी मिळणाऱ्या १२ बाय १८ इंचांवर झेड ६ इंचाला ३३६ पिक्सेल देतो, झेड ७ ४५९. वाचनाच्या अंतरावरून, साधारण ३० सेंटिमीटरवरून, चांगल्या नजरेला इंचाला २९० च्या आसपासच वेगळे ओळखता येतात. या आकारात दोन्ही प्रिंट सारखेच वाटतील. २४ बाय ३६ वर मात्र झेड ६ चे १६८ होतात आणि झेड ७ चे २२९, आणि जवळ जाऊन पाहणाऱ्याला फरक कळतो.

एवढे मोठे दोन प्रिंट काढणं खर्चाचं आहे. त्याऐवजी दोन्ही फोटोंचा मधला नववा हिस्सा, म्हणजे रुंदीचा एक तृतीयांश आणि उंचीचा एक तृतीयांश, कापून ८ बाय १२ वर छापा. २४ बाय ३६ च्या प्रिंटचाच तो तुकडा असतो. कॅमेऱ्याचं नाव मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा, दोन्ही एकाच प्रकाशात भिंतीला लावा आणि चाचणीबद्दल काही माहीत नसलेल्या घरच्या कुणाला तरी बोलवा. आधी तीन मीटरवरून विचारा, मग एक मीटरवरून, मग हाताच्या अंतरावरून. प्रिंटच्या जागा अधूनमधून बदलत राहा. ज्या अंतरापासून पुढे उत्तरं सातत्याने बरोबर येऊ लागतात ते अंतर लिहून ठेवा, आणि तुमचे फोटो लोक प्रत्यक्षात किती अंतरावरून पाहतात ते त्याच्या शेजारी लिहा.